थोरल्या मुलाचा वर्ग



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींनी आयुष्यभर दोन शाळा चालवल्या. सोमवार ते शनिवार जिल्हा परिषदेची आणि रविवारी चर्चच्या मागच्या पडवीतली. पहिल्या शाळेबद्दल या व्यासपीठावरून बरेच बोलून झाले आहे. मी दुसरीबद्दल बोलणार आहे, कारण त्याच पडवीत पुढे मीही बरीच वर्षे वर्ग घेतला.

समोर ख्रिस्ती नसलेली मंडळी पुष्कळ दिसतात, म्हणून आधी थोडा खुलासा. आमच्या प्रोटेस्टंट घरांत बहुधा मूल लहान असतानाच बाप्तिस्मा होतो. पंधरा-सोळाव्या वर्षी त्या मुलाने किंवा मुलीने भर उपासनेत उभे राहून आपला विश्वास स्वतःच्या तोंडाने सांगायचा असतो. याला कन्फर्मेशन म्हणतात. ते झाले की प्रभुभोजनाला बसता येते. वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक घरांत क्रम वेगळा. तिथे सात-आठ वर्षांचे पोर पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या आधीच फादरांपुढे पापनिवेदन करते. दोन्हीकडे आधी वर्ग असतात, आणि दोन्हीकडे वर्गाचा मुख्य मजकूर तोच: पाप, क्षमा आणि कृपा.

माझी तक्रार अशी आहे की हे तिन्ही विषय आपण वर्गात नसलेल्या मुलाला शिकवत आलो आहोत.

लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात येशूने सांगितलेली एक गोष्ट आहे. धाकटा मुलगा बाप जिवंत असतानाच वाटणी मागतो, दूरदेशी जाऊन सगळे उडवतो, डुकरे राखण्याची पाळी येते, आणि पोटाला अन्न नाही म्हणून परत निघतो. वाटेत माफीचे भाषण पाठ करतो. बाप त्याला लांबून पाहतो, धावत जातो, गळ्यात पडतो. भाषण पुरते होऊही देत नाही. घरात मेजवानी सुरू होते. एवढ्यात थोरला मुलगा शेतावरून येतो, वाजंत्री ऐकून गड्याला विचारतो आणि रागाने बाहेरच थांबतो. त्याचे म्हणणे साधे असते. मी इतकी वर्षे राबलो, एकही आज्ञा मोडली नाही, मला कधी करडूसुद्धा मिळाले नाही. मग बाप त्याच्याकडेही बाहेर येतो आणि त्याची समजूत घालतो.

आमच्या संडे स्कूलच्या फलकावर या गोष्टीतला धाकटा डुकरांसह असतो. थोरला क्वचितच दिसतो. पण पडवीतल्या बाकावर बसलेली सगळी मुले थोरलीच असतात. ती दूरदेशी गेलेली नाहीत. रविवारी सकाळी धुतलेले कपडे घालून येतात, वचने पाठ म्हणतात, नाताळच्या नाटकात मेंढपाळ होतात. त्यांना आपण सांगतो, बाळांनो, तुम्ही डुकरांमध्ये होता. मुले मान डोलावतात, कारण मान डोलावण्याची त्यांना सवय असते.

मे महिन्यातल्या तरुणांच्या शिबिरांत याची गंमत पाहायला मिळते. शेवटच्या रात्री शेकोटी पेटवतात, प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी देतात, आपले पाप लिहा आणि आगीत टाका म्हणतात. गिटार चालू असते, दिवे मंद केलेले असतात. अशाच एका शिबिरात एका मुलाने मला हळूच विचारले, "बाई, शेजारचा काय लिहितोय ते बघू का?" हसू नका. त्या मुलाची अडचण खरी होती. सोळा वर्षांच्या आयुष्यात आगीत टाकण्याच्या लायकीचे काही त्याला सापडत नव्हते, आणि काहीच सापडत नाही म्हणजे आपला विश्वास कच्चा, अशी त्याची समजूत आम्हीच करून दिली होती.

ही समजूत आली कुठून? माझ्या मते ती आमच्या थोर माणसांच्या साक्षींतून आली. साक्ष म्हणजे आपण ख्रिस्ताकडे कसे आलो याची हकिगत. मराठी ख्रिस्ती समाजाची पहिली पिढी अशा हकिगतींवर उभी आहे. बाबा पदमनजींनी १८५४ साली बेळगावात बाप्तिस्मा घेतला आणि पुढे 'अरुणोदय' हे आत्मचरित्र लिहिले. नारायण वामन टिळकांना १८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या गाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. या माणसांनी घर सोडले, गणगोत तोडले. टिळकांचा तर काही काळ संसारच मोडला होता. त्यांच्या हकिगतीला आधी आणि नंतर असे दोन भाग आपोआप पडतात.

चौथ्या पिढीच्या मुलाला 'आधी' नाही. त्याचे आजोबा मिशन शाळेत मास्तर होते, आजी घरोघरी बायबल वाचून दाखवणारी बायबलबाई होती. मग तो 'आधी' तयार करतो. चिठ्ठीवर शेजाऱ्याचे पाप उतरवतो, किंवा शिबिरात माइक हातात आल्यावर दोन सिगारेटींचे व्यसन करतो.

बरे, त्या थोर हकिगतीही आपण नीट वाचलेल्या नाहीत. टिळकांना नव्या कराराने पहिल्यांदा धरून ठेवले ते येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने. शत्रूवर प्रेम करा, उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू देऊ नका, हा उपदेश कोणी जगला तर जग कसे होईल, या ओढीने ते पुढे गेले. आपण ख्रिस्ताकडे तुकोबांनी बांधलेल्या पुलावरून आलो असे ते सांगत. त्या पुलावर पाप आणि कृपा दोन्ही आहेत. स्वतःला पतित म्हणणारा भक्त आणि त्याला पावन करणारा देव हे मराठी कानाला मिशनरी येण्याच्या कितीतरी आधीपासून ओळखीचे आहे. पण नरकाचे चित्र दाखवून टिळकांना कोणी आत ओढले नव्हते.

पंडिता रमाबाईंची गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. १९०७ साली त्यांनी आपली साक्ष लिहिली. तीत त्या मोकळेपणाने सांगतात की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षे आपल्यापाशी ख्रिस्ती धर्म होता, पण खुद्द ख्रिस्त सापडला नव्हता. म्हणजे विधवांसाठी त्यांनी काढलेले शारदा सदन १८८९ साली मुंबईत उघडले तेव्हा, ते पुण्याला हलले तेव्हा, रमाबाई स्वतःच्या लेखी अजून दारातच होत्या. विद्वान, निःस्वार्थी, कष्टाळू, आज्ञा पाळणारी बाई, आणि तरी कृपा म्हणजे काय ते कळायचे आहे. ही थोरल्या मुलाची साक्ष आहे. आमच्या वर्गांत ती सांगितली जात नाही. सांगतात ते केडगाव आणि १९०५.

रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात १९०५ च्या जूनमध्ये जे झाले त्याला आम्ही संजीवन म्हणतो. मुली रात्र रात्र प्रार्थना करत होत्या, मोठ्याने रडून पापे कबूल करत होत्या. मी त्या घटनेची टर उडवणारी नाही. पण शिकवणारी म्हणून मला तिथे एक गोष्ट खटकत आली आहे. त्या मुलींपैकी पुष्कळ जणी १८९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळांतून उचलून आणलेल्या होत्या. कित्येक बालविधवा होत्या. ज्यांच्यावर दुसऱ्यांची पापे आधीच लादली गेली होती, त्यांच्याच तोंडून आपण पापाची कबुली ऐकतो आणि सद्गदित होतो. ज्यांनी त्यांना रस्त्यावर टाकले त्यांची कबुली कुठल्याच अहवालात नाही. रमाबाईंना हे दिसत होते, असे मला वाटते. लोकांनी बिघडलेल्या म्हणून टाकलेल्या बायकांसाठी त्यांनी मुक्तीत जे वेगळे घर उभारले त्याचे नाव कृपासदन ठेवले. त्या घरात येणारीला आधी जागा, जेवण आणि कपडे मिळत.

आता वर्गातल्या क्रमाकडे येते, कारण सगळा घोटाळा क्रमाचा आहे.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२८ साली सॅक्सनीतल्या खेड्यांतून चर्चची पाहणी केली. लोकांना प्रभूची प्रार्थनासुद्धा येत नाही हे पाहून तो हबकला आणि १५२९ साली त्याने घरच्या कर्त्यांनी मुलांना शिकवावी अशी छोटी प्रश्नोत्तरी छापली. तिचा क्रम: आधी दहा आज्ञा, मग विश्वासांगीकार, मग प्रार्थना. रोग्याला आधी रोग कळला पाहिजे, मग औषध, हा त्यामागचा विचार. आमच्याकडे हाच क्रम रुजला. मिशनऱ्यांनी आणला, आणि आपल्या मातीत तो सहज लागला, कारण केलेले फेडावे लागते हे इथे प्रत्येक ओसरीवर ऐकू येते. शेजारची काकू म्हणते, देव बघतोय, डोळे फुटतील. आमची आई म्हणायची, येशूबाप्पा रागावेल. वाक्ये दोन, देव एकच, हातात छडी घेतलेला.

ल्यूथरनंतर चौतीस वर्षांनी, १५६३ साली, जर्मनीतल्याच हायडेलबर्गच्या राज्यकर्त्याने शाळांसाठी आणि तरुणांसाठी आणखी एक प्रश्नोत्तरी करून घेतली. तिचा प्रमुख लेखक झकारियास उर्सिनुस तिशीच्या आतला होता. तिच्यात १२९ प्रश्न आहेत. पहिला प्रश्न जगताना आणि मरताना तुला दिलासा कशाचा, असा विचारतो आणि उत्तरात ख्रिस्ताचे नाव येते. पापाची, माणसाच्या दुर्दशेची चर्चा तिसऱ्या प्रश्नाला सुरू होते आणि अकराव्याला संपते. नऊ प्रश्न! सुटकेवर चौऱ्याहत्तर. आणि दहा आज्ञा? त्या तिसऱ्या भागात, कृतज्ञतेच्या मथळ्याखाली, म्हणजे कृपा मिळालेल्या माणसाने आता कसे जगायचे याच्या उत्तरात. हे पहिल्यांदा ध्यानात आले तेव्हा मी आमच्या वर्गाची वही काढून पाहिली. आमच्याकडे प्रमाण जवळजवळ उलटे होते.

हायडेलबर्गने ही युक्ती स्वतःच्या डोक्यातून काढलेली नाही. ती बायबलमध्येच आहे. दहा आज्ञा निर्गमाच्या विसाव्या अध्यायात येतात. भिंतीवरचा तक्ता 'दुसरे देव नकोत' इथून सुरू होतो. मूळ मजकुरात त्याआधी देव आपली ओळख देतो: मिसरच्या गुलामीतून तुम्हाला बाहेर काढणारा तो मी. यहुदी परंपरा तर त्यालाच दहांतले पहिले वचन मानते. समुद्र ओलांडून झाला आहे, रानात भाकर मिळाली आहे, तिसऱ्या महिन्यात सिनाय पर्वत आला आहे, तेव्हा कुठे आज्ञा. गुलामांना आधी आज्ञा पाळून दाखवा, मग सोडवतो, असे कोणी म्हटले नाही. आमचे तक्ते छापणाऱ्याने जागा वाचवली आणि कृपा कापली.

इथे काही पाळकसाहेब अस्वस्थ झालेले मला दिसतात. मुलांना आधीच कृपा सांगितली तर ती मोकाट सुटतील, हा आक्षेप जुना आहे. प्रेषित पौलालाही तो ऐकावा लागला होता. आणि स्वस्तात वाटलेल्या कृपेविरुद्ध सर्वांत कडक पुस्तक ज्याने लिहिले तो जर्मन पाळक डीट्रिख बोनहॉफर याच आक्षेपाचा आधार म्हणून नेहमी पुढे केला जातो. पश्चात्तापाशिवाय क्षमा, शिष्यत्वाशिवाय कृपा, याला त्याने १९३७ साली झोडपले, आणि हिटलरच्या राजवटीत १९४५ च्या एप्रिलमध्ये फ्लॉसेनबर्गच्या छळछावणीत त्याला फाशी झाली. त्याचे शब्द हलक्याने घेऊ नयेत.

पण हाच बोनहॉफर पंचविशीत असताना कन्फर्मेशनचा वर्ग कसा घेत होता ते पाहा. १९३१ च्या हिवाळ्यात बर्लिनच्या उत्तर भागात, वेडिंग नावाच्या कामगारवस्तीतल्या पन्नासेक मुलांचा वर्ग त्याच्या गळ्यात पडला. जर्मनीत बेकारीने कळस गाठला होता. मुले इतकी दंगेखोर की आधीचा म्हातारा पाळक टेकीला आला होता. जिन्यावरून वर येणाऱ्यांवर ती वरून कचरा फेकत. बोनहॉफर खिशात हात घालून भिंतीशी गप्प उभा राहिला आणि गोंगाट ओसरू लागल्यावर पुढच्या बाकांना जेमतेम ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात अमेरिकेतल्या हार्लेमच्या गोष्टी सांगू लागला. पुढे त्याच वस्तीत त्याने खोली भाड्याने घेतली. संध्याकाळी मुलांनी न विचारता यावे, बुद्धिबळ खेळावे, जेवावे. कन्फर्मेशनला मुलांकडे धड कपडे नव्हते, तर कापड आणून त्याने सर्वांना सूट पुरतील अशी सोय केली. १९३२ च्या मार्चमध्ये मुलांचे कन्फर्मेशन झाले. महाग कृपेबद्दल लिहिणाऱ्याने आधी ती अशी वाटली होती, आणि किंमत स्वतःच्या खिशातून भरली होती. आपण मात्र किंमत मुलांकडून वसूल करायला बघतो.

तर आता पापाच्या यादीबद्दल. आमच्या वर्गात मुलांना पापाची उदाहरणे विचारा. मोबाइल, सिनेमा, कॉपी, दारू, मुलामुलींचे भेटणे. सगळी पापे वीस वर्षांखालची! मोठ्यांची पापे यादीत येत नाहीत. मुलांना मात्र ती दिसतात. मिशनच्या जमिनीवरून कोर्टात एकमेकांविरुद्ध उभे असलेले दोघेजण एकाच रविवारी एकाच वेदीपुढे भाकर घेतात, हे त्यांनी पाहिलेले असते. लग्न जमवताना पूर्वीची जात हळूच विचारली जाते, ती मुलीच्या कानावर पडलेली असते. आमच्या नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजांतून आले. एका ताटात जेवायला मिळेल या आशेनेही कित्येक आले. आणि आज शंभर-सव्वाशे वर्षांनी त्यांची पणतवंडे एकमेकांच्या घरी सोयरीक करायला कचरतात. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला. त्यांचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचताना मला त्यांचा खरा पश्चात्ताप जिथे दिसतो ती जागा सोवळ्याशी आणि कोणाच्या हातचे पाणी प्यायचे या प्रश्नाशी त्यांनी मांडलेला झगडा ही आहे. एक कर्मठ ब्राह्मण घरातली बाई हसत-रडत, स्वतःची थट्टा करत जात सोडते. पाप म्हणजे काय हे शिकवायला याहून चांगला मराठी धडा मला माहीत नाही. आमच्या अभ्यासक्रमात तो नाही. तिथे सिगारेट आहे.

क्षमेबद्दल थोडे सांगते आणि ते जपून सांगते. वर्ग घेणाऱ्याच्या कानावर कधी ना कधी असे येते की एखाद्या मुलावर किंवा मुलीवर घरातल्या, नात्यातल्या, कधी मंडळीतल्याच कोणा मोठ्याने हात टाकला आहे. अशा वेळी "त्याला क्षमा कर, येशूनेही केली" हे वाक्य उच्चारणे हा त्या मुलावरचा दुसरा अन्याय आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अशी गोष्ट कळली की पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणे हा गुन्हा आहे. पाळकाला, बाईंना, कमिटीला यात सूट नाही. क्षमा ही दुखावलेल्याची मिळकत आहे. ती कधी द्यायची, द्यायची की नाही, हे तिसऱ्याने ठरवायचे नाही. योसेफाची गोष्ट नीट वाचा. भावांनी त्याला विकले होते. ते मिसरला धान्य मागायला आले तेव्हा त्याने त्यांना लगेच मिठी मारली नाही. ओळख लपवली, तुरुंगात टाकले, धाकट्या भावाला ते आता कसे वागवतात हे पारखले. यहूदा स्वतः गुलाम राहायला तयार झाला तेव्हाच योसेफाला त्यांच्यासमोर रडू आवरले नाही. बायबलने त्याच्या या सावधपणाला कुठेही नावे ठेवलेली नाहीत.

आणि जक्कय. जकातदारांचा मुख्य, बुटका, झाडावर चढून बसलेला. येशू त्याला खाली बोलावतो आणि मी आज तुझ्याकडे उतरणार म्हणतो. पश्चात्ताप कर, मग येतो, असे म्हणत नाही. जेवायला येणे ठरल्यावर जक्कय आपण होऊन उठतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडले असेल त्याला चौपट. कृपा फुकट मिळाली, पण लुबाडलेल्यांचे पैसे परत गेले. हा दुसरा भाग तरुणांना फार आवडतो, असा माझा अनुभव आहे. त्यांना हिशेब समजतो. शब्दांत मागितलेली माफी त्यांना खोटी वाटते, आणि ती खोटी असण्याचा त्यांचा अनुभवही असतो.

आणखी एक. प्रश्नोत्तरीत प्रश्नही शिकवणाऱ्याचा असतो आणि उत्तरही त्याचेच. याउलट, फादर स्टीफन्सचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात छापले गेले. त्यात श्रोते मध्येच उठून प्रश्न विचारतात आणि पाद्री गुरूला उत्तर द्यावे लागते. चारशे वर्षांपूर्वीच्या, इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, सावलीतल्या पुस्तकात जे चालले ते आमच्या पडवीत का चालू नये? देव सगळे माफ करणार असेल तर नरक कशाला? आजोबांनी आजीला आयुष्यभर मारले, ते स्वर्गात आहेत का? असे प्रश्न मला आलेले आहेत. सगळ्यांची उत्तरे मी देऊ शकले नाही, पण प्रश्न विचारणारी मुलगी पुढच्या रविवारी आली.

आयोजकांनी शेवटी काही व्यवहार्य सांगा म्हटले आहे. कन्फर्मेशनच्या वर्गाला साधारण बारा रविवार मिळतात. त्यातले दोन पावसात आणि एक कोणाच्या तरी लग्नात जातो. नऊ धरू. पहिले तीन येशूच्या जेवणांना द्यावेत: लेवीच्या घरचे, जक्कयाकडचे, आणि पुनरुत्थानानंतर तळ्याकाठी पेत्राला वाढलेली न्याहारी. तीनदा नाकारणाऱ्या पेत्राला तिथे आधी मासळी मिळते आणि प्रश्न मागून येतात. मग दोन रविवार थोरल्या मुलाला आणि रमाबाईंच्या साक्षीला. एक दावीद राजा आणि नाथान संदेष्ट्याला, कारण नाथान चुकलेल्या राजाला आधी आरोप ऐकवत नाही, गोष्ट ऐकवतो आणि निकाल राजाच्याच तोंडून घेतो. एका रविवारी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीतल्या कोणीतरी येऊन, आपण कोणाची कधी माफी मागितली आणि काय परत केले, ते मुलांना सांगावे. हा रविवार भरवणे सर्वांत कठीण जाते, सभासदांना नेमके त्याच दिवशी बाहेरगावी काम निघते. आठवा मुलांच्या प्रश्नांना. दहा आज्ञा नवव्या रविवारी. पाळकसाहेबांची फारच हरकत असेल तर आठव्या.